थोडं उरतंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी मराठीत गझल लिहितो आणि दारूला शिवत नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हा प्रश्न प्रत्येक मुशायऱ्यानंतर कुणी ना कुणी विचारतंच. माझ्या शेरांत पेले आहेत, साकी आहे, मैफल उठून गेल्यावरची सुनी बैठक आहे. मी हसून सांगतो, "अहो, ज्यांनी लढायांवर पोवाडे रचले ते सगळे तलवार चालवत होते काय?" लोक टाळ्या देतात, विषय संपतो. गेल्या वर्षी मात्र हा विषय थेट माझ्या ताटात आला. पेल्यातून नाही, माशावरून. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

माझी मुलगी अमेरिकेत सिअॅटल शहरात नोकरी करते. ऑगस्ट महिन्यात मी तिच्याकडे गेलो. पत्नीला विमानाची धास्ती, म्हणून एकटाच. मुलीच्या घराला लागून पंच्याहत्तरीच्या एक बाई राहतात. त्यांचा नवरा वारून चार वर्षं झाली. मुलगी तिथे नवीन असताना तापाने फणफणली, तेव्हा याच बाई रोज सूप करून आणून देत. त्यामुळे माझ्या लेखी त्या तिच्या तिथल्या मावशीच. मुलगी त्यांना सरळ नावाने हाक मारते. माझी जीभ वळेना. मी आपला 'मॅडम' म्हणायचो.

मी दापोलीकडचा. हर्णै बंदरावर संध्याकाळी होणारा माशांचा लिलाव बघत मोठा झालो. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे मी सामन माशाला आपल्या रावसाचाच गोरा भाऊ समजत होतो. तसं काही नाही. दोघांचं कूळही वेगळं आणि गोत्रही. सामनचं मांस नारिंगी-गुलाबी असतं, तो रंग त्याने समुद्रात खाल्लेल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांमधून येतो. मांसात तेल भरपूर. त्यामुळे भट्टीत भाजला तरी तो रावसाइतक्या लवकर कोरडा पडत नाही.

सिअॅटलमध्ये बॅलर्ड भागात १९१७ साली सुरू झालेले जहाजांसाठीचे मोठे जलपाश आहेत. समुद्र खाली आणि तळं वर, मधे दरवाजे. त्याच्या कडेला माशांना वर चढता यावं म्हणून २१ पायऱ्यांची शिडी बांधली आहे आणि पाण्याखालच्या काचेतून ती बघता येते. मुलगी मला तिथे घेऊन गेली. हातभर लांबीचे सामन प्रवाहाविरुद्ध तोंड करून उभे होते. समुद्रात काही वर्षं काढून हा मासा पाण्याच्या वासावरून आपला जन्माचा ओढा शोधत परत येतो. गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो. अंडी घालून झाली की पॅसिफिकमधला सामन मरतो. हे सगळं तिथल्या फलकावरून मी वाचत होतो. 'परत येतो' या शब्दापाशी मी थांबलो. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी काचेकडे बघितलं. दोघंही काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांचे पती केंटकी राज्यातले. बर्बन नावाची व्हिस्की ही त्या राज्याची शान. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती ओकच्या कोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरवावी लागते. १९६४ साली तिथल्या संसदेने हे आपल्या देशाचं खास पेय आहे असं ठरावाने जाहीर केलं. दर ऑगस्टात, ताजा सामन बाजारात आला की त्यांचे पती बर्बन आणि ब्राऊन शुगरचा पाक करून त्यात सामन भाजायचे. ते गेल्यानंतर मॅडमनी तो केला नव्हता. आम्ही येणार म्हणून चार वर्षांनी पहिल्यांदा केला.

हे सगळं आम्हाला जेवणाच्या टेबलावर कळलं. पण त्याआधीची एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. आम्ही घरात शिरलो तेव्हा चुलीशेजारी ती बाटली उभी होती. मी ती बघितली. वासही आला. व्हॅनिला, जळकी साखर, लाकडाचा धूर आणि त्या सगळ्यामागे नाकाला झोंबणारं काहीतरी. मी वळलो आणि भिंतीवरचे फोटो बघू लागलो. फोटो बघण्याइतके खास नव्हते, पण मी बराच वेळ बघत राहिलो.

मासा टेबलावर आला. वरून काकवीसारखा चकचकीत, कडा किंचित करपलेल्या. मुलगी हळूच मराठीत म्हणाली, "अब्बा, शिजताना सगळं उडून जातं." मी काही विचारलं नव्हतं. मी मान हलवली आणि जेवलो. खोटं कशाला सांगू, असा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. मी तसं म्हणालो. मॅडमचे डोळे भरून आले.

रात्री दीडच्या सुमारास मुलीने माझं दार वाजवलं. हातात फोन. "अब्बा, मी आता शोधलं. सगळं नाही उडून जात."

अमेरिकेच्या कृषी खात्याने याचा तक्ताच करून ठेवला आहे. पदार्थात दारू घालून १५ मिनिटं उकळलं तर सुमारे ४० टक्के शिल्लक राहते. अर्धा तास उकळलं तर ३५ टक्के. अडीच तास रटरटवलं तरी ५ टक्के राहतेच. हॉटेलात पेटवून ज्वाळा दाखवतात, त्यात तर ७५ टक्के जागच्या जागी असते. कारण असं, की अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं आणि पाणी १०० अंशाला हे खरं, पण दोघं एकदा मिसळले की एकटं अल्कोहोल उठून जात नाही. दोघं मिळूनच वाफ होतात. त्यामुळे पाणी असेपर्यंत थोडं उरतंच.

आम्ही कागदावर हिशेब केला. चौघांच्या पाकात अर्धा कप बर्बन, म्हणजे साधारण १२० मिलिलिटर. त्यात ४० टक्क्यांनी ४८ मिलिलिटर अल्कोहोल. आटवल्यावर उरलं १९. चार तुकड्यांवर वाटलं तर प्रत्येकी पाचेक मिलिलिटर, फार तर चहाचा एक चमचा. भट्टीत आणखी थोडं कमी झालं असेल.

"एवढ्याने काय होतंय," असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. नशा होत नाही हे मलाही कळतं. नकळत पोटात गेलं तर दोष नाही, असं आमचा धर्मही सांगतो. माझा प्रश्न वेगळाच होता. मी ते नकळत खाल्लं होतं का? बाटली मी बघितली होती. वास ओळखला होता. मला कळू नये अशी व्यवस्था मी स्वतःच केली होती आणि त्या व्यवस्थेत फोटोंना आणि मुलीला सामील करून घेतलं होतं. मुलीला वाटत होतं की ती खोटं बोलली. मी म्हणालो, "तू चुकीचं बोललीस. खोटा मी वागलो."

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. यजमानाला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याला सभ्यता म्हणतो. त्या रात्री मला जाणवलं, की मी मॅडमची भीड धरली नव्हती. नाही म्हणताना जे अवघडलेपण येतं, ते मला टाळायचं होतं. ते स्वतःचंच रक्षण होतं.

झोप येईना तेव्हा शब्दांची मुळं उकरायची माझी जुनी खोड आहे. अल्कोहोल हा शब्द अरबी. 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. युरोपात गेल्यावर त्याचा अर्थ आधी बारीक पूड, मग कशाचाही अर्क आणि शेवटी दारूचा अर्क असा सरकत गेला. 'अर्क'ही अरबीच. शराब आणि सरबत यांचं मूळ एकच, 'पिणे'. इंग्रजीतला सिरप, म्हणजे पाक, तोही त्याच घरातला. म्हणजे मॅडमच्या पातेल्यात जे आटत होतं ते शराब, सरबत आणि सिरप असं एका आईचं अख्खं कुटुंब होतं. शब्द एका घरचे असले तरी वागणं एक नसतं, हे कुटुंबवत्सल श्रोत्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं. वाचता येतं, भांडता येत नाही. सोबत मुलगी होती, पण मी तिला बोलू दिलं नाही. जे होतं ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. दारू आम्हाला चालत नाही, मी बाटली बघितली होती आणि तरी बोललो नाही.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही काल छान झालं म्हणालात, ते मनापासून नव्हतं?"

"मनापासून होतं," मी म्हणालो. "तेच तर दुखणं आहे."

त्यांना हसू आलं, पण त्या दुखावल्या होत्या. म्हणाल्या, "काय चालत नाही हे विचारणं माझं काम होतं. ते मी विसरले, कारण तो पदार्थ मला करायचाच होता. पण सांगणं तुमचं काम होतं. तुम्ही सांगितलं असतं तर मी दोन तुकडे नुसते मीठ-मिरी लावून भाजले असते. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम! मला माझी आई आठवली. आमच्या गावात शेजारी एक काकू होत्या, कडक सोवळ्याच्या. ईदेला आमच्या घरून त्यांच्याकडे शिरखुर्मा जात नसे. शेवया, खारका, साखर, चारोळी असा कोरडा शिधा जाई. काकू तो आपल्या भांड्यात, आपल्या चुलीवर करत आणि संध्याकाळी कुंपणावरून आईला ओरडून सांगत, "यंदाच्या खारका गोड होत्या गं!" त्या शिध्यात एक भिंत होती, हे मी नाकारत नाही. लहानपणी मला तिचा राग यायचा. पण त्या दोघी एकमेकींशी कधी खोटं वागल्या नाहीत. काकू काय खाणार नाहीत हे आईला ठाऊक होतं आणि काकूंच्या घरी गोडधोड झालं पाहिजे, ही काळजी आईने कधी सोडली नाही.

मी मॅडमना म्हणालो, "आपण पुन्हा करू या का? त्या बाटलीवाचून?"

पहिला प्रयत्न साफ फसला. सफरचंदाचा रस, ब्राऊन शुगर आणि व्हॅनिला इसेन्स असा बेत होता. मुलीने इसेन्सच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, ३५ टक्के अल्कोहोल! अमेरिकेत व्हॅनिलाच्या अर्कात ते तेवढं असावंच लागतं. नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या सोया सॉसमध्येही दोनेक टक्के तयार होतं. त्यावर आमच्यातच मतभेद आहेत, पण मला नव्या वादात पडायचं नव्हतं. दोन्ही वगळलं. वर पाक सुरुवातीलाच ओतला, त्यामुळे साखर जळून काळी झाली आणि मासा नुसता गोड. जिलबीवर ठेवलेलं पापलेट म्हणा ना.

मग मॅडमनीच विचार केला. त्या म्हणाल्या, बर्बनची चव म्हणजे मक्याची चव नव्हे, ती निम्मीअधिक जळलेल्या लाकडाची चव आहे. रंगही त्याचाच. व्हॅनिलाचा वासही ओकच्या लाकडातून उतरतो. मग लाकूडच का घेऊ नये? त्या भागात सामन सीडरच्या फळीवर भाजायची रीत आहे आणि तिथले मूळ रहिवासी तर पिढ्यान्‌पिढ्या हा मासा लाकडाच्या विस्तवावर शिजवत आले आहेत. मुलीच्या डब्यातून मी गूळ आणि कोकम काढलं. दारूचा जो किंचित तुरट, झोंबरा भाग, त्यासाठी कोऱ्या चहाची आणि मिऱ्यांची कल्पना माझी.

कृती सांगतो, लिहून घ्यायची तर घ्या. सीडरची खाण्याच्या कामासाठी मिळते ती, रंगरोगण नसलेली फळी निदान तासभर पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर ती पेट घेते. एक कप सफरचंदाचा रस, अर्धा कप कडक कोरा चहा, चार मोठे चमचे गूळ, तीन कोकमं, आल्याचा तुकडा, भरडलेली मिरी, चिमूटभर मोहरीची पूड आणि व्हॅनिलाची शेंग चिरून तिच्या आतले दाणे. हे सगळं मंद आचेवर चमच्याला चिकटेल इतकं आटवायचं, गाळायचं आणि उतरवल्यावर लोण्याचा गोळा घालायचा. माशाचे दीड-पावणेदोनशे ग्रॅमचे चार तुकडे पुसून कोरडे करायचे, मीठ लावायचं, कातडीची बाजू खाली ठेवून फळीवर मांडायचे. भट्टी आधीच २०० अंश सेल्सियसला तापलेली हवी. आधी पाकाचा अगदी पातळ हात द्यायचा. दहा मिनिटांनी दुसरा, जाड. आणखी पाच-सात मिनिटांत मासा काट्याने पाकळ्या-पाकळ्या सुटतो. तिथले लोक थर्मामीटर खुपसून आत ६३ अंश झाले का बघतात. माझ्या आईला काट्याची टोचणी पुरत असे.

मॅडमनी पहिला घास घेतला. मी परीक्षेच्या निकालासारखा बघत होतो. त्या म्हणाल्या, "फार छान झालंय. पण हे ते नव्हे."

मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. त्यांनी माझी भीड धरली नाही. आणि खरंच ते तेच नव्हतं. त्यांच्या माणसाच्या हाताचा तो पदार्थ होता, त्यात बाटली होती आणि ती काढून पदार्थ तोच राहील असं म्हणणं हेही एक प्रकारचं 'सगळं उडून जातं'च झालं असतं.

मी निघायच्या आदल्या रात्री त्यांनी पुन्हा जेवायला बोलावलं. भट्टीत दोन कप्पे होते. एकावर सीडरची फळी, दुसऱ्यावर पत्र्याच्या ताटात त्यांचा बर्बनचा सामन. ब्रश दोन, पाकाच्या वाट्या दोन, काटे दोन. वाट्यांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकीवर माझं नाव, दुसरीवर नवऱ्याचं. मुलगी कानाशी पुटपुटली, "अब्बा, वाफ तर एकच ना?" मी म्हणालो, "वाफ वर जाते. तिचा हिशेब वरचा बघेल." आपापल्या ताटात जेवलो, एकमेकांना ताटातलं दाखवत. त्या रात्री मॅडमनी नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या, आधीपेक्षा जास्त.

परत येताना अंगणात मी मुलीला विचारलं. तीन महिने जे जिभेवर होतं ते. "तू घरी परत येणार आहेस का गं?"

ती थांबली. "बहुतेक नाही, अब्बा," ती म्हणाली. "सांगायचं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

वाईट वाटलं. अजून वाटतं. आटवलं तरी थोडं उरतंच. पण त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. तिला तिथे काय आवडतं, कशाची भीती वाटते, आई-अब्बा म्हातारे झाले तर काय, सगळं. 'येईल, येईल' अशा आशेवर मी घरी परतलो असतो आणि ती प्रत्येक फोनवर विषय टाळत राहिली असती, त्यापेक्षा हे बरं.

घरी आल्यावर रावसावर तोच पाक करून बघितला. सीडरची फळी नव्हती आणि भट्टीही नव्हती, तव्यावरच केला. पत्नीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "माशाला गूळ? त्यापेक्षा तिखट-मीठ लावलं असतंत." मी वाद घातला नाही. खरं बोलणारी माणसं घरात असावीत.

खुदा हाफिज. नमस्कार.